मिनूची सीट कोणी काढली

इकडे ये गं, अशी जवळ सरक. आणि हे एका हातात चहा, एक डोळा टीव्हीकडे असं नको वाचूस मैत्रिणी, तुझी ही जुनी खोड आहे. चष्मा पूस, तो टीव्ही बंद कर, आणि थोडा वेळ माझीच हो. कारण हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, देवाला नाही — देवाला तर कोणत्या तोंडाने सांगणार? त्याच्याच नावावर तर सगळं खपवलं.

गोड काही नाही यात, आधीच सांगते. आपण स्वच्छ राहणारी बाई, असं समजून जगतो ना आपण? रोज घासतो, पुसतो, सोवळं पाळतो — आणि मग एखाद्या दिवशी बरणीचं झाकण उघडावं आणि आत अळ्या वळवळताना दिसाव्यात. तसं झालंय मला. बरणी माझीच आहे.

मागच्या आठवड्यात समोरच्या घरातली, इथलीच हिंदी बोलणारी सून आली होती. त्यांनी नवी गाडी घेतलीय, हप्त्यांवर. मुलगा तीन वर्षांचा. ती आमच्या नंदाला विचारायला आली — नंदा म्हणजे माझी सून, शाळेत शिकवते — की, "भाभी, वो बच्चों वाली सीट लेनी चाहिए क्या? इत्ती महँगी है, पैसे पानी में तो नहीं जाएँगे?" नंदा मटार सोलत होती. ती तोंड उघडणार, तेवढ्यात आमची मिनू, माझी नात, आता दहा वर्षांची झालीय, ती हसत म्हणाली, "आंटी, मम्मी से मत पूछो! मेरी सीट तो मम्मी ने ही निकाल दी थी, देखो!" आणि वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला तिने. नाकापर्यंत गेलेली ती पांढरी रेघ, आणि खाली तिरपा आलेला तो दात.

नंदा मटार सोलत राहिली.

आणि मी काय केलं? मी माझं ठरलेलं वाक्य बोलले. सहा वर्षं बोलतेय ते, लग्नकार्यात, भिशीत, डॉक्टरांकडे — "सीट से क्या होता है बेटा, माँ का ध्यान होना चाहिए." समोरच्या सुनेने मान डोलावली. खरंच वाटलं असेल तिला. म्हातारं माणूस बोलतं ते अनुभवाचंच असतं, नाही का?

थू.

आता मागचं सांगते. तेव्हा आमच्याकडे पहिली गाडी आली होती, माझ्या मुलाने, श्रीकांतने, तो नोकरी करतो त्याच बँकेतून कर्ज काढून घेतलेली पांढरी मारुती. सगळ्या माधव नगरात मी पुढे बसून फिरले. मुलाच्या शेजारची जागा — तुला सांगू, जन्मभर सायकलच्या कॅरियरवर आणि टेम्पोत लोकांच्या गुडघ्यांत बसलेल्या बाईला ती जागा म्हणजे काय असते? मी खिडकीची काच मुद्दाम खाली ठेवायची. लोकांनी बघावं म्हणून.

मग नंदाने मिनूसाठी ती गाडीत बांधायची लहान मुलांची सीट मागवली. इथे कुठे मिळायची तेव्हा! तिचा मावसभाऊ परदेशात, त्याच्याकडून आणवली. स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून. तेवढ्यात तिची एक चांगली पैठणी आली असती, आणि तिच्याकडे लग्नानंतरची एकही नव्हती. मी काय म्हणाले असेन? "का गं, तिकडच्या बायकांना मांड्या नसतात का?" सगळे हसले. श्रीकांतसुद्धा. नंदा म्हणाली, "असतात आई. पण मांडीला पट्टा नसतो." शांतपणे म्हणाली. ते मला जास्त झोंबलं.

आणि गाडीत मागे पट्टेच नव्हते. पट्टा फक्त पुढे. म्हणजे मिनू पुढे — तिच्या त्या निळ्या सिंहासनावर, पट्टा लावून. आणि मी? मी मागे. सुनेशेजारी, भाजीच्या पिशव्यांत.

चार वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला मला. लिहिलं बघ. किती वर्षं लागली एवढं एक वाक्य लिहायला.

आमच्याकडे महालक्ष्म्या उभ्या असतात — भाद्रपदात, तीन दिवस. दोघी बहिणी, आणि पुढ्यात त्यांची दोन बाळं. सजावट दरवर्षी नंदा करते, तिचा हात चांगला. त्या वर्षी बसवायच्या दिवशी ती शाळेत आणि श्रीकांत बँकेत असताना मी खुंटीवरून किल्ली घेतली, खाली गेले, आणि ती सीट ओढून काढली. घाम फुटला, नख मोडलं, पण काढली. वर आणून धुतली, तिच्यावर जरीचं कापड टाकलं आणि दोन्ही बाळं तिच्यात बसवली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका काय कौतुक करत होत्या! इम्पोर्टेड, इम्पोर्टेड! श्रीकांतने संध्याकाळी पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "वा, काय डोकं चालवलंस." त्याला वाटलं, सजावट तिची तर हेही तिचंच. नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी समईत तेल घालत होते.

दुसरा दिवस जेवणाचा. पुरण, सोळा भाज्या, आंबील — नंदा पहाटेपासून ओट्याशी. सवाष्ण नानाखेड्याची, कुसुमताई. तिचा पाय मुरगळला होता, म्हणून तिला आणायला गाडी न्यायची होती. श्रीकांत खाली हॉर्न वाजवत होता. मिनू माझ्या पदराला धरून "मी पण, मी पण". नंदा आतून म्हणाली, "आई, सीट लावून न्या हो तिला. बाळं जरा पाटावर ठेवा."

आणि मी म्हणाले, "उभ्या महालक्ष्म्यांतून वस्तू उठवायची नसते. आपल्याकडे रीत आहे ती."

कुठली रीत गं? कुणी घालून दिली? माझ्या सासूने नाही, तिच्या सासूने नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून मी ती रीत तयार केली. नंदा म्हणाली, "मग तिला राहू द्या घरी." मी म्हणाले, "सणाच्या दिवशी रडवू पोरीला?" आणि उचलली. पुढे जाऊन बसले — माझ्या जागेवर. मिनू मांडीवर. काच खाली. पट्टा मी कधी लावतच नव्हते.

बस स्टँडच्या अलीकडे एक टेम्पो सवारी घ्यायला मध्येच थांबला. श्रीकांतने ब्रेक मारला. फार जोरात आदळलो असंही नाही, गाडीचा नुसता दिवा फुटला. पण — आता नीट वाच — माझे हात कुठे गेले माहीत आहे? एक दरवाज्याला आणि एक समोरच्या फळीला. माझ्यासाठी गेले ते. दोन्ही. मांडीवर लेकरू होतं आणि माझे दोन्ही हात मला वाचवायला गेले. मिनूचं तोंड त्या फळीवर आपटलं, आणि वरून माझं सगळं वजन तिच्या पाठीवर.

रक्त किती, ते नाही सांगत. दोन दात आत गेले होते, ओठ फाटला होता.

फ्रीगंजच्या एका दवाखान्यात टाके घालत होते. श्रीकांतचा शर्ट लाल झालेला. तो भिंतीला टेकून म्हणाला, "सीट काढलीच का? आई, कोणी काढली?" काल त्याने ती करामत बायकोची धरली होती, आता त्याला खात्री नव्हती. खरंच विचारत होता. एका शब्दाचं उत्तर होतं. 'मी.' एवढंच.

मी म्हणाले, "नंदाने. मी म्हटलं होतं लाव म्हणून. तीच म्हणाली, एवढ्याशा अंतराला काय करायचीय."

विचार कर — नुसतं नाव नाही घेतलं. तिच्या तोंडी अख्खं वाक्य घातलं. तिच्या आवाजात म्हणून दाखवलं.

नंदा आली ती तशीच, हाताला पुरण, पायांत चपला दोन जोडांच्या. श्रीकांत तिच्यावर तुटून पडला, सगळ्या लोकांसमोर. "एवढ्याशा अंतराला? आई म्हणवून घेतेस?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी पदर डोळ्यांना लावला आणि रडायला लागले. कंपाउंडरने मला स्टूल दिलं — "अम्माजी, आप बैठ जाओ. आपका क्या कसूर." आणि मी बसले. पाणीही प्याले.

नंदा सरळ आत मिनूपाशी गेली.

संध्याकाळी घरी आलो तर नैवेद्य तसाच. कुसुमताई बिचारी रिक्षाने, लंगडत आली होती. पंगत बसली. मिनू आत कण्हत होती, नंदा तिच्या उशाशी. आणि मी जेवले. पुरणाच्या दोन पोळ्या खाल्ल्या, वर तूप. चव लागली मला. त्याचीच सगळ्यात जास्त किळस येते.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, आणि ती सीट नंदाने पुसून पुन्हा गाडीत लावली. श्रीकांत मात्र बरेच महिने तिच्याशी तुटक बोलायचा. पोरगी आईला हसत हसत दोष द्यायला शिकली, माझ्याकडूनच. मी तरी कशी — परवा श्रीकांतला सांगायला गेले. तो पेपर वाचत होता. "काय गं आई?" म्हणाला. मी म्हटलं, "साखर संपलीय." डबा भरलेला होता.

म्हणून लिहिलं. लिहिलेलं मागे घेता येत नाही. तुला पाठवण्याआधी हा कागद आज श्रीकांत वाचेल, मग मिनू. समोरच्या सुनेला मी स्वतः जाऊन सांगणार आहे की सीट घे बाई, आणि सीटने काय होतं असं म्हणणारी म्हातारी दिसली की तिचं ऐकू नकोस.

नंदाला सांगण्यासारखं काही नाही. तिला पहिल्यापासून ठाऊक आहे.

तू ये एकदा लवकर. पाचनंतर ये, तोवर नंदा शाळेतून आलेली असते. तिच्याजवळ बस.