माजघरातली ओल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — ठाऊक नाही. सांगताना छातीत काही धडधडत नाही, एवढं मात्र खरं.

आमचं घर पेणच्या खाडीकडच्या गावात. जुनं, मातीचं. एक्क्याण्णव-ब्याण्णवची गोष्ट असेल. दादाचं लग्न ठरलं आणि शेणाने सारवायच्या माजघरात शहाबादी फरशी घालायची ठरली. फरशी बसली, वहिनी आली, आणि जमिनीला पाझर फुटला. पावसात सगळ्यांकडेच ओल येते हो. आमच्याकडे मार्गशीर्षातही गोधडी खालून ओली लागायची.

आईला कारण लगेच सापडलं. वहिनी रोह्याकडची.

"पिळत नाय गो तू फडका! नदीकाठची ना, पानी वतायची सवय!"

हे घरात, विहिरीवर, लोकांच्या लग्नात — सगळीकडे. वहिनी बिचारी राख पसरायची, गोणपाट टाकायची, गुडघ्यांवर बसून सुक्या फडक्याने पुसायची. एकदा मी कंपनीत निघालो होतो, तेव्हा तिने हळूच विचारलं, "भावजी, तुम्ही शिकलेले. खरंच माझ्यामुळं हाय का वो ही ओल?"

मी बूट घालत होतो. म्हटलं, "जरा घट्ट पिळत जा, वहिनी."

आता सांगूनच टाकतो. फरशीखाली भरायला नदीची वाळू आणायचं काम माझं होतं. त्या दिवशी वडखळला कबड्डीचे सामने होते — नदीवर कोण जाणार? बांधावर खाडीची वाळू पडली होती, तीच गाडीत भरली आणि पसरून मोकळा झालो. आमचं मिठागरवाल्यांचं गाव. खारी वाळू ओल धरते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मला माहीत नव्हतं? होतं. वाटलं, फरशीखाली कोण बघतंय.

शेवटी चूल वेगळी झाली. दादा-वहिनी रोह्याला खोली घेऊन राहिले. जायच्या दिवशीही वहिनीने माजघर पुसलं, फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं आणि आईच्या पाया पडली. आईने पाय आखडून घेतले. मला वाईट वाटलं का? वाटलं असेल. मग मी शिफ्टला गेलो.

पुढच्या उन्हाळ्यात, फरश्या हलतात असं सांगून, मी त्या उखडल्या. खालची वाळू उपसून नदीची भरली. इतकं सोपं काम होतं ते. पाऊस आला, गेला. फरशी ठणठणीत कोरडी. आई अनवाणी माजघरभर फिरली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघ, ती गेली नि घर सुकला."

मी जेवत होतो. म्हटलं, "व्हय."