साहेबांच्या फाटकासमोरचा पाचवा चौकोन

नवा रायपुरात तेव्हा रस्ते रुंद होते आणि माणसं विरळ. रस्त्याकडेला गवत लावायचा ठेका आमच्या भाऊंकडे होता. भाऊ मूळ यवतमाळकडचे, जन्म रायपूरचा. सातवीतून शाळा सोडून यवतमाळकडून आलेल्या मला त्यांनी गाववाला म्हणून ठेवून घेतलं. ठेका देणाऱ्या साहेबांना सांगितलं, पोट्ट्याले मातीतलं कळते. ते उपकार मी विसरलो नाही, आणि त्यांचं बोलणं माझ्यामुळं खोटं ठरेल ही धास्तीही.

गवत काही उगवेना. मशीननं दाबलेला मुरूम. बी टाकलं की मुंग्या न्यायच्या. पावसाळ्यानंतर साहेब पाहणीला येणार होते. हिरवं दिसलं नाही तर ठेका जाणार, ठेक्यासोबत मी.

उन्हाळ्यात कच्छकडचे मेंढपाळ आले. उंटावर खाटा, खाटांवर पोरं. आमच्या गावाकडे रिकाम्या वावरात रात्रभर मेंढरं बसवतात. लेंडी-मूत जमिनीत मुरतं, आणि जागा रोज बदलतात. मी त्यांच्या म्हातारीला विनवलं, मोबदल्यात टँकरचं पाणी देऊ केलं. 'चराई मना है' ही पाटी मीच रंगवलेली. त्या पाटीच्याच खांबाला म्हातारीनं मेंढरं कोंडायची जाळी बांधली.

जाळी रोज पुढे सरकली, चार दिवसांत चार चौकोन झाले. पाचवा साहेबांच्या नव्या, अजून रिकाम्या बंगल्याच्या फाटकासमोर. तिथं गवत जरा जास्तच लुसलुशीत यावं म्हणून मी म्हटलं, इथं आठवडाभर राहा.

म्हातारी म्हणाली, "जमीन को भी अपच होता है, बेटा."

मी तिला ऐकवलं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं बसवतात. बसवणारे आजोबा होते, मी नव्हतो, एवढं वगळलं. ती हसली आणि राहिली. पाणी फुकट होतं.

पाऊस झाला. चार चौकोन हिरवेगार. पाचवा तेवढा साहेबांच्या टकलासारखा.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी भाऊंना सगळं सांगितलं, कपड्यांची पिशवी भरूनच. त्यांनी माती उकरून हुंगली.

"काहून बे, सारा नैवेद्य साहेबाच्याच दारात?"

मी म्हटलं, तिथंच तर हिरवं दिसायला पाहिजे होतं. भाऊ म्हणाले, उद्या तोंड उघडू नको.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या उजाड चौकोनाकडे बोट दाखवलं. भाऊ आभाळाकडे पाहू लागले. माझ्यापायी त्यांचा ठेका बुडाला असता. मी बोलून गेलो, "साहब, भेड़ बैठाया था. इधर ज्यादा हो गया. भैया को मालूम नहीं था."

साहेबही धान पिकवणाऱ्या गावचे. त्यांनी चारही चौकोन पायानं दाबून पाहिले. "हव, ज्यादा हो गया," म्हणाले. मग हुकूम: ही जळकी माती खरवडून उघड्या मुरमावर पातळ पसरा, पुढच्या उन्हाळ्यात मेंढरं पुन्हा बोलवा, जागा रोज बदला, आणि कागदावर जैविक खत लिहा. पाटी तशीच राहील.

आठवडाभर मी ती माती घमेल्यानं वाहिली. मोठ्या लोकांच्या गाड्या जवळ आल्या की वासानं काचा भराभर वर जायच्या. मी घमेलं एका हातानं सावरून प्रत्येक गाडीला सलाम ठोकायचो.