सामुरायनं तलवार म्यान केली तेव्हा

परवा प्रताप नगरच्या घरी मुलीनं नव्या कॉमिकचं पुडकं फोडलं. ताज्या शाईचा वास आला आणि मी एकदम खूप वर्षांपूर्वीच्या, रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोचले.

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. ते सारखे कूस बदलत होते, चादर चुरगाळत होते. जीव रमावा म्हणून मी त्यांना सामुरायच्या कॉमिकचा नवाकोरा शेवटचा भाग वाचून दाखवत होते. आधीचे सगळे भाग त्यांनी ऐकले होते. वडिलांना मारणाऱ्याच्या शोधात सामुराय देशभर भटकतो. शेवटी तो मारेकरी सापडतो. म्हातारा, आंधळा, धानाच्या बांधीत, भाताच्या शेतात बसलेला. सामुराय तलवार उपसतो, थांबतो, म्यान करून निघून जातो.

"काहून नाही मारलं वं त्यानं?" बाबा चिडून उठून बसले. "मंग एवढा हिंडला कायले?"

"म्हातारा झाला होता ना तो, बाबा."

ते भिंतीकडं तोंड करून पडले. पुन्हा उठले. पाणी मागितलं, प्यायले नाहीत. मग म्हणाले, "नामदेवले फोन लाव. उद्या सकाळीच ये म्हणा."

नामदेवकाका त्यांचे सख्खे भाऊ. कुहीच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं.

तेव्हा वाटलं, पुस्तकानं जादू केली. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला आले आहे, आणि कळतं. बाबांना भाऊ हवाच होता, फक्त भीती वाटते हे सांगता येत नव्हतं.

काका पहिल्या एसटीनं आले. बाबांनी सरकून पलंगावर जागा केली. म्हणाले, "बस गा. धान निसवलं का, लोंब्या आल्या का?"