भाजलेल्या बियाण्याची उगवण

कॉफीच्या इतिहासात जालन्याला स्थान आहे, आणि ते लेखी आहे. नोंद माझ्याच हस्ताक्षरात असल्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नव्वदच्या आसपास मी एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत कामाला होतो. खोलीचे प्रमुख शहागडकडचे, वयाने मोठे. त्यांना सगळे काकाच म्हणत. काम साधं. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून ठेवायची, दिवस भरले की कोंब मोजायचे. काकांची सही झाल्याशिवाय एकाही पिशवीला लेबल लागत नसे.

कॉफी आमच्याकडे पाहुण्यांची आणि एकादशीची. भरपूर दूध, वरून जायफळ. ती पुडीतच जन्मते असा आमचा समज होता. त्या पुडीत चिकोरी नावाच्या झाडाचं भाजलेलं मूळही दळलेलं असतं, हे मला पुढे वाचनालयात कळलं. इतकी वर्षं आपण पाहुण्यांना नेमकं काय पाजलं, असा प्रश्न तेव्हा पडला.

तर, कंपनीचे शेठ दक्षिणेत जाऊन आले आणि येताना किलोभर कॉफीचं बियाणं घेऊन आले. गडद तपकिरी, तुकतुकीत, मधोमध चीर. रंगाचं कुणालाच नवल वाटलं नाही. आमचंही बियाणं औषध चोळून लाल-हिरवं होऊनच बाहेर पडायचं. काकांनी लगेच ताकीद दिली, "औषध लावलेलं हाय. हात धुतल्याबिगर जेवणाच्या डब्याला शिवायचं न्हाई."

दोन आठवड्यांनी नव्या मशीनचं उद्घाटन होतं. एक पुढारी येणार होते. त्यांच्या हस्ते या बियाण्याच्या पुड्या वाटायच्या, असं शेठनी ठरवलं होतं. 'मराठवाड्याची कॉफी' असा फलकही रंगवून झाला होता.

"काका, फक्त सही करा. वाटायच्या पुड्या हायत, कोण पेरायला बसलंय?"

"पेरायचं न्हाई तर बियाणं कशाला म्हणता, शेठ? फुटाणे म्हणा."

"अहो, फलक तयार झालाय!"

"फलक उगवला. आता बी उगवू द्या."

शेठचा आवाज उतरला. "कार्यक्रम फसला तर तुमच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसवावा लागंल. बराबर?"

"बिलकुल बराबर," काका म्हणाले आणि मला कागद भिजवायला सांगितला.  

मी वाचनालय गाठलं. कॉफीचं फळ लाल, आत दोन बिया तोंडाला तोंड लावून बसलेल्या. उगवायला महिन्याहून जास्त वेळ लागतो. झाडाला डोंगरउतार, पाऊस आणि सावली लागते. यातलं जालन्यात काय मिळेल याचा मी विचार केला. सावली, तीही भिंतीची.

"महिना तर महिना," काका म्हणाले.

चौथ्या दिवशी कागद तपकिरी झाला आणि खोलीभर वास सुटला. बियाणं निवडायला येणारी आष्टीकडची मावशी वासामागे आत आली, नमुन्याच्या डब्यातली एक बी उचलली आणि कडकन चावली.

"थुका मावशी! औषध हाय!" काका ओरडले.

"कशाचं औषध? भाजलंय की हे, चांगलं खमंग. भाजलेला भुईमूग उगवतो व्हय, काका?"

काकांनी एक बी तोंडात टाकली. सावकाश चावली. मग गुंडाळी घेऊन स्वतः शेठच्या खोलीत गेले. शेठनी त्या दक्षिणेतल्या दुकानाला फोन लावला. पलीकडचं हसणं आम्हाला दाराबाहेर ऐकू आलं.

फलकावर चुना फिरला. पुढाऱ्यांच्या हस्ते कापसाचं बियाणं वाटलं गेलं, तपासलेलं, काकांच्या सहीचं. खुर्चीचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही. त्या खोलीतून न तपासलेली एक बीही, भेट म्हणूनसुद्धा, बाहेर पडली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

सुरू केलेली चाचणी मधेच सोडायची नाही, हाही काकांचाच नियम. त्यांनी दिवस पूर्ण भरू दिले, मोजणी केली आणि मला नोंद सांगितली. पीक: कॉफी. उगवण: शून्य. शेरा: बियाणे भाजलेले. उरलेला नमुना दुधात संपला. जायफळ जास्त झाले.