शेवटच्या गाण्यातलं आमेन

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. ते प्लॅस्टरमध्ये ओतायचे, मेणाची पाळ बांधायची, तिच्यात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी आणि शेवटी घासूनपुसून चकाकी. एका खोलीच्या कारखान्यात खिडकीखाली त्यांचं टेबल होतं आणि समोरच्या फळीवर अनोळखी माणसांचे पांढरे जबडे आ वासून बसलेले असत. "इतकी तोंडं, पण एकही उलटून बोलत नाही," असं ते म्हणायचे. हा त्यांचा एकुलता एक विनोद, आणि तो घरात सगळ्यांना पाठ होता.

रविवारी ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. आधी वडील वाजवायचे. वडिलांचे हात कापायला लागले तेव्हा हे त्या बाकावर बसले, ते बसलेच. ऑर्गनच्या झाकणाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली कायम ह्यांच्या पँटच्या खिशात. गायकवृंदातल्या निम्म्या बायकांच्या तोंडात ह्यांनीच बनवलेले दात होते, त्यामुळे वाजवता वाजवता त्यांचं दुसरंही काम चाले. खालच्या आवाजात गाणाऱ्या एका आजींची कवळी सैल झालीय हे त्यांना ‘स्तुती’ म्हणतानाच्या शिट्टीवरून कळे. उपासना संपली की ते हळूच सांगत, "सोमवारी येऊन जा." वरच्या आवाजात त्यांची बायको गायची. तिचे दात अजून स्वतःचे होते. तिची श्रद्धाही तशीच, मुळापासूनची आहे, असं कवळीवाले धरून चालत. ती रोज पहाटे पलंगाशी गुडघे टेकायची, आणि तिची प्रार्थना संपेपर्यंत हे चहासाठी ताटकळायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका रविवारी भानगड झाली. भानगड म्हणजे खरं तर काहीच झालं नाही, आणि हीच पंचाईत होती. मौन प्रार्थना चालली होती. सगळे माना खाली घालून बसले होते आणि त्या शांततेखाली हळू, अगदी हळू ऑर्गन वाजवत राहणं हे ह्यांचं काम. वाजवता वाजवता त्यांच्या मनात आलं, आपण हे कोणासाठी वाजवतोय? फोनवर आपण तावातावाने बोलत असावं आणि मध्येच लक्षात यावं की पलीकडून केव्हाच फोन ठेवलाय, तसं त्यांना झालं. बोटं चालू राहिली. पोटात मात्र खड्डा पडला, तो पडलाच.

पोर दगावलं नव्हतं, धंदा बुडाला नव्हता, आजार नव्हता. ज्यांच्यावर आभाळ कोसळलं अशी माणसं समोरच्या बाकांवर बसून गात होती, आणि ह्यांचं सगळं धडधाकट असताना ह्यांना शंका! त्यांना स्वतःची लाज वाटली. लाजेबरोबर रागही आला, पण कोणाचा ते कळेना. देव नसेल तर राग कोणावर काढायचा, आणि असेल तर मग भांडण कसलं? डोक्याचा नुसता भुगा झाला.

शेवटी ते चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. पाळकसाहेब वयाने लहान, पण माणूस सज्जन. त्यांनी आधी झोप लागते का विचारलं, मग पित्ताचं विचारलं. मग खूप वेळ टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले.

"शंका येणं वाईट नाही हो," ते म्हणाले. "मलाही येते. पण तुम्ही ऑर्गनवर बसता. तुमच्यामागून शंभर माणसं गातात."

"मग काय करू?"

"मी कोण सांगणार? किल्ली तुमच्याकडे आहे. आतून पटत नसेल तर आणून द्या. का म्हणून विचारणार नाही."

झालं! मोकळं व्हायला गेले आणि मनावर नवीन ओझं घेऊन आले. तोवर निदान खिशातल्या किल्लीचं वजन जाणवत नव्हतं. आता बसताना मांडीला टोचायला लागली.

गाणी सुरू झाली ती त्यानंतर. मेणात दात बसवताना तोंड रिकामं असतं. त्या रिकाम्या तोंडात ओळी यायला लागल्या, आणि चाल तर हातात आयुष्यभराची होती. गाणी भजनाच्या थाटाची, शब्द मात्र उफराटे. ‘दार वाजवून हात दुखला, आत कोणी आहे का’, ‘तू ऐकतोस की मीच मला ऐकतो’, असली. मुलगी एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायची. दिवसभर साबणाच्या जाहिराती आणि लिफ्टमधल्या सूचना मुद्रित करून तिचे कान किटले होते. तिने वडिलांना गुणगुणताना ऐकलं आणि अडवलं.

"पप्पा, हे कोणाचं?"

"माझंच. सोड."

"सोड काय? अल्बम करू या. मी करते. पैसेबैसे काही नको."

कवळीवाल्यांनी आधी कानांवर हात ठेवले. मग त्यांनाच वाटलं, हे एका दृष्टीने बरं आहे. गाणी एकामागून एक होऊ द्यायची आणि शेवटचं गाणं जिथे पोचेल ते आपलं उत्तर. ते विश्वासावर येऊन थांबलं तर किल्ली खिशात राहील. अधांतरी राहिलं तर किल्ली पाळकसाहेबांच्या टेबलावर. मनाशी असं ठरल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. माणसाने आपला निवाडा गाण्यावर सोडावा म्हणजे कमालच, पण दुसरं काही सुचत नव्हतं हेही खरं.

गंमत अशी, की ही नास्तिक वळणाची गाणी रचताना त्यांना जेवढं बरं वाटे तेवढं रविवारची भजनं वाजवताना वाटेना. ‘तू नाहीस’ असं म्हणताना समोर कोणीतरी बसून ऐकतंय असं वाटायचं, आणि ‘तू आहेस’ वाजवताना खोली रिकामी. त्यांनी यावर खूप विचार केला. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो, मग हे भांडण म्हणजेच पुरावा का? की एवढ्या वर्षांची बडबडायची सवय? विचार करता करता एका गिऱ्हाईकाचा वरचा सुळा त्यांनी उलटा बसवला आणि मेण पुन्हा वितळवावं लागलं.

शेवटचं गाणं झालं, त्याचं नाव ‘असशील तर’. तेच नाव अल्बमला. ते अधांतरीच संपत होतं. शेवटची ओळ ‘असशील तर बोल’, आणि त्यानंतर ऑर्गन असा सूरमेळ धरून थांबतो की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढचं पाऊल पडणार. ते पडत नाही. कवळीवाल्यांनी शेवट पुन्हापुन्हा वाजवून पाहिला. दुसरा शेवट खोटा वाटत होता. म्हणजे उत्तर मिळालं होतं. फक्त मुद्रण व्हायचं राहिलं होतं.

ऑर्गन चर्चमध्ये, त्यामुळे परवानगी लागणारच. "शब्द मला दाखवू नका," पाळकसाहेब म्हणाले, "म्हणजे मला नाही म्हणावं लागणार नाही." शनिवारी दुपारी गायकवृंदातल्या बायका जमल्या. आवाज नको म्हणून पंखे बंद, रहदारी नको म्हणून खिडक्या बंद. सगळ्या घामाने निथळत होत्या. मुलगी कानांवर हेडफोन चढवून वायरींच्या गुंत्यात उकिडवी बसली होती. बायकोने शब्दांचा कागद घेतला, वाचला आणि काहीच बोलली नाही. घरी ती मिठावरूनसुद्धा दोन वाक्यं बोलते, त्यामुळे ही रागावली असं कवळीवाल्यांनी धरलं.

बाकीची गाणी उरकली. ‘असशील तर’ सुरू झालं. बायका अशा गायल्या की कवळीवाल्यांना स्वतःचेच शब्द नवे वाटले. शेवटची ओळ आली, ‘असशील तर बोल’, ऑर्गन थांबला, त्यांनी हात उचलले. क्षणभर शांतता. आणि सगळ्या बायकांनी एका दमात, आपापल्या आवाजात, सुरात, ठेवणीतलं गायलं, "आऽऽमेन."

मुलीने कपाळावर हात मारला. बायका एकमेकींकडे पाहून खुसखुसायला लागल्या.

"आमेन कुठे लिहिलंय?" कवळीवाले बाकावरून कडाडले. "कागदावर आहे का कुठे?"

"अहो, गाणं संपलं की येतंच ते तोंडात," शिट्टीवाल्या आजी म्हणाल्या. "जांभईनंतर तोंड मिटतं ना, तसं. आम्ही कुठे म्हणायला गेलो?"

"या गाण्यात नाही म्हणायचं. हे गाणं तसं नाही."

"मग कसं आहे?" आजींनी खरंच विचारलं. त्यांनी नुसते पट्ट्यांवर हात ठेवले.

पुन्हा सुरुवात. या वेळी बायकांनी धसका घेतला होता. शेवट आला तशी एकीने तोंडावर रुमालच दाबला, बाकीच्यांनी ओठ घट्ट मिटले. कोणी चकार शब्द काढला नाही. त्या शांततेत ऑर्गनमधून दोन सूरमेळ आले, एक ‘आ’चा आणि एक ‘मेन’चा. वाजवणारे हात कवळीवाल्यांचे होते. त्यांनी हातांकडे पाहिलं तेव्हा दुसरा सूर अजून घुमत होता. या वेळी कोणीही हसलं नाही. बायको कागदाकडे बघत राहिली.

तिसऱ्यांदा ते शेवट वाजवून चक्क स्वतःच्या हातांवर बसले. मुद्रण स्वच्छ झालं, हवं तसं अधांतरी.

"तिन्ही ठेवलीत," वायरी गुंडाळताना मुलगी म्हणाली. "कोणतं घ्यायचं ते कळवा. तिसरंच ना?"

"तिसरंच," ते म्हणाले. आणि मग, "थांब जरा. सांगतो."

पुढचा सगळा आठवडा त्यांनी सांगितलं नाही. मधल्या रविवारी किल्लीही दिली नाही. अल्बम पूर्ण झालेला नाही, ही सबब होती. कारखान्यात हात चालत होते आणि डोकं तेच तेच दळत होतं. ते आमेन खरं की सवयीचं? त्या बायकांना गाणं कळलं नाही म्हणून त्यांनी ते म्हटलं, ठीक. पण आपल्याला तर गाणं कळलं होतं, आपणच रचलं होतं. मग आपले हात कोणाच्या बाजूचे? हातांना विश्वास आहे आणि डोक्याला नाही, असं असू शकतं का? असलं तर किल्ली कोणी परत करायची, हातांनी की डोक्याने? फळीवरचे जबडे आ वासून बघत होते. नेहमीचा विनोद त्यांना सुचला नाही.

शनिवारी संध्याकाळी बायको इस्त्री करत होती. टेबलावर त्यांचा रविवारचा पांढरा शर्ट पसरला होता. तो बघून त्यांना कसंतरी झालं. हिला काय माहीत, हा शर्ट उद्या ऑर्गनवर बसणार की नाही ते. न राहवून त्यांनी मुलीने दिलेला छोटा स्पीकर काढला आणि तिला तिन्ही शेवट एकापाठोपाठ ऐकवले. तिसरा संपला. ती आमेन म्हणेल म्हणून ते वाट पाहत होते. ती म्हणाली नाही.

"तुला राग आलाय माझा," ते म्हणाले.

"कशाचा?"

"या गाण्यांचा. तुझ्यासारख्या बाईला मी हे गायला लावलं."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा?"

"म्हणजे… तुला पलीकडून ऐकू येतं. मला यायचं बंद झालं."

तिने इस्त्री उभी करायला हवी होती, ती तशीच शर्टावर टेकलेली राहिली. "मला कधी ऐकू आलं?" ती म्हणाली. "अहो, मला कधीच नाही ऐकू आलं. लहान होते तेव्हाही नाही. गुडघे टेकते, डोळे मिटते, मागायचं ते मागते आणि उठते. मला वाटायचं, तुम्हाला येतं. त्याशिवाय माणूस असं वाजवेल का? मी तुमच्या भरवशावर गात आले."

कवळीवाल्यांना हसू आलं. "आणि मी तुझ्या भरवशावर वाजवत होतो," ते म्हणाले.

जळका वास आला तेव्हा दोघंही भानावर आली. शर्टाच्या खिशावर इस्त्रीचं तपकिरी टोक उमटलं होतं. तिने फुंकर घातली, नखाने खरवडून पाहिलं. डाग काही गेला नाही.

"मग त्या दिवशी चर्चमध्ये आमेन म्हटलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? मीही म्हटलं. ठरवून नाही म्हटलं." ती शर्ट उलटसुलट करून बघत होती. "पण म्हटल्यावर बरं वाटलं एवढं खरं. तुम्ही ओरडलात तेव्हा वाईट वाटलं."

ते खुर्चीत बसले, तशी किल्ली मांडीला टोचली. त्यांनी ती काढून हातात धरली. विश्वास परत आला असं म्हणावं तर तसं काही झालं नव्हतं. पोटातला खड्डा होता तिथेच होता. फक्त त्यात आता बायकोसुद्धा होती, आणि कदाचित पहिल्यापासून होती.

"डाग कोटाखाली झाकला जाईल," बायको म्हणाली. "तेवढी किल्ली घ्यायला विसरू नका."

त्यांनी मुलीला फोन लावला.

"पहिलं घे," ते म्हणाले.

"पहिलं? पप्पा, ते तर चुकलेलं आहे. त्यात सगळ्यांचं आमेन आहे."

"असू दे. तेच घे."

"नक्की ना?"

"नक्की मला काहीच नाही गं," कवळीवाले म्हणाले. "पण तेच घे."