पालथा डबा

दक्षिण आफ्रिकेत, केपकडच्या त्या द्राक्षमळ्यात दिवस उजाडायचा तो डब्याने. मुकादम खेर्ट ओळीच्या तोंडाशी वाइनची बादली घेऊन उभा राही. एकेकाने पुढे व्हायचं, पत्र्याचा लहानसा डबा भरून घ्यायचा, एका दमात संपवायचा आणि त्याच्यासमोर पालथा धरायचा. थेंब पडला की सगळे खिदळत, "बाळाला दूध जड झालं रे!" असे डबे दिवसाला पाच. वाइन मालकाचीच, बाटलीत भरायच्या लायकीची नसलेली, पण मजुरीत धरलेली. खेर्टला तर बादलीचा एवढा अभिमान, की चर्चमध्येसुद्धा तिच्याच गोष्टी सांगायचा.

आपूल्स कोर्टमन त्याच मळ्यावर जन्मला. पहिला डबा चौदाव्या वर्षी. छाटणीला त्याच्यासारखा हात अख्ख्या खोऱ्यात नव्हता आणि आता, इतक्या वर्षांनी, नेमका तोच हात थरथरू लागला. बायकोने, सीनाने, ते कॉफीच्या कपावरून हेरलं. तिच्या बापाचा हात असाच कापायला लागला, तेव्हा आठ दिवसांत त्याची खोली काढून घेतली होती. काम आहे तोवर खोली. म्हातारा पुढे रस्त्याकडेच्या पुलाखाली राहिला आणि तिथेच गेला.

"सोड ती वाइन," सीना म्हणाली. "हात धड तर छप्पर धड."

"सगळ्यांदेखत नको म्हणू? पाद्री झालास का विचारतील!"

"नको कशाला म्हणतोस? तोंडात धर, डबा पालथा कर, वेलीमागे जाऊन थुंक."

पहिले चार दिवस त्याचे हाल कुत्रा खाईना. घाम, ओकाऱ्या, अंगात थंडी. पाचव्या दिवशी कप हातात स्थिर राहिला. डोकंही असं स्वच्छ झालं, की दुपारची सुट्टी किती लवकर संपते ते त्याला प्रथमच दिसलं. हे त्याने शेजारच्या दोघांना सांगितलं. तिथेच चुकलं. आणखी एक चुकलं. सवयीचा माणूस, रोज त्याच एका वेलीच्या मुळाशी थुंकायचा. तिथे गांधीलमाश्यांचा घोळका जमला.

खेर्टने आधी माश्या पाहिल्या. मग आपूल्सकडे पाहिलं. आणि मालकाच्या घराकडे चालू लागला.

संध्याकाळी मालकाची गाडी आली. मालक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"आपूल्स, बरं नाही का रे? वाइन पोटात ठरत नाही म्हणे. आजारी माणसाला राबवून मला पाप लागायचं. खोलीही मग दुसऱ्या कुणाला देऊ. उद्या सकाळी बघतो, कसा आहेस ते."

सकाळी मालक गाडीतच बसून होते. खेर्टने डबा काठोकाठ भरला. आपूल्सने तो घेतला आणि तसाच धरून राहिला. कुणी हसलं नाही.

बायकांच्या ओळीतून सीना पुढे आली.

"पी," ती हळूच म्हणाली.

"तूच ना सोड म्हणालीस?"

"हात जायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. छप्पर आज जातंय."

तो हलेना, तेव्हा तिने त्याचं मनगट धरून डबा त्याच्या ओठांना लावला. त्याचा गळा हलताना ती बघत राहिली, शेवटच्या घोटापर्यंत. डबा पालथा झाला. थेंब पडला नाही. हातही कापला नाही.

"शाबास," गाडीतून आवाज आला. "खेर्ट, अजून एक दे त्याला. आज माझ्याकडून."