पाच भोकांचा ठोकळा

आर्या, निनाद, रविवारी व्हिडिओ कॉलवर माझ्या टेबलावरचा लाकडी ठोकळा पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, हा पेनस्टँड का?" नाही. कॉलवर सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून लिहिते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहापूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी दुर्बिणीने पोट तपासत असे. नळी तोंडातून जठरात जाते, टोकाचा कॅमेरा आतलं चित्र स्क्रीनवर दाखवतो. किन्हवलीच्या सुमनबाईंच्या जठरात खालच्या बाजूला कॅन्सरची गाठ होती. ती वर कुठवर पसरली, ते नुसतं पाहून कळेना. म्हणून स्क्रीनवर बघत, गाठीपासून वर वर जात, चिमट्याने पाच ठिकाणचे बारीक तुकडे घेतले. पाच बाटल्या, एक ते पाच नंबर. त्यांचे यजमान काशिनाथ त्या घेऊन एसटीने ठाण्याच्या लॅबला गेले.

रिपोर्ट आला. लॅबला बाटली एकच मिळाली होती. काही तुकड्यांत कॅन्सर आहे, काहींत नाही.

काशिनाथना बोलावलं. दोन झाकणं गळत होती. तुकडे टिकवायच्या औषधाच्या वासाने एसटीतले लोक कुरकुरायला लागले, म्हणून त्यांनी सगळे तुकडे घट्ट झाकणाच्या एका बाटलीत घातले होते.

"सगलं हिचंच तर हाय ना, बाई," ते म्हणाले.

मी सर्जनना फोन केला.

"गाठीची सीमा माहीत नसेल तर मी पूर्ण जठर काढणार," ते म्हणाले.

"आठ दिवस द्या, सर. पुन्हा घेते."

"पेशंट तयार होईल?"

मलाही तीच शंका होती. पहिल्या वेळी नळीने सुमनबाईंचे फार हाल झाले होते. मी कागदावर जठराचं चित्र काढलं, पाच टिंबं दिली. वरची टिंबं स्वच्छ निघाली तर तेवढं जठर वाचेल, असं समजावलं. सुमनबाई कागदावरून नवऱ्याकडे वळल्या.

"कोलम न् जया कदी एका मुड्यात भरलंव का तुमी?"

मुडा म्हणजे भाताचं बियाणं साठवायचा, पेंढ्याने बांधलेला गोळा. कोलम आणि जया या भाताच्या दोन जाती; त्या मिसळल्या की बियाणं वाया.

"घाला नली," त्या मला म्हणाल्या.

जाताना काशिनाथनी मापाला एक रिकामी बाटली मागून घेतली. सोमवारी ते सागाचा ठोकळा घेऊन आले. बाटलीच्या मापाची पाच भोकं, प्रत्येकाखाली कोरलेला आकडा. मी पुन्हा पाच तुकडे घेतले. बाटल्या ठोकळ्यात बसवून, तो मांडीवर धरून ते ठाण्याला गेले.

एक आणि दोनमध्ये कॅन्सर होता. तीन, चार, पाच स्वच्छ. सर्जननी खालचा भाग काढला, वरचा ठेवला.

नंबर मी घातले होते, पण ते कशासाठी, हे नेणाऱ्याला सांगितलं नव्हतं. चूक माझी. पुढे बाटल्या हातात देण्याआधी मी कागद-पेन्सिल काढत असे.

ठोकळा माझ्याकडे आहे. जठराचा वरचा भाग सुमनबाईंकडे आहे. त्यावर त्या अजून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं जेवतात.